दहा मीटर अंतरावरची बाई

प्रिय सई आणि निहार,

मागच्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या दारावर नोटीस लागली. मार्च संपेपर्यंत सगळ्यांनी घरं रिकामी करायची आहेत, नंतर इमारत पाडणार. सई ज्या जिन्यावर पायऱ्या चढायला शिकली तो जिना जाईल, आणि तळमजल्यावरचं ते करड्या रंगाचं दारही जाईल. त्या दारामागे राहणाऱ्या माणसाबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे. तुमचे आजोबा ती हकीकत विनोद म्हणून सांगतात. तुमच्याकडे मेलबर्नला आले होते तेव्हा तुम्हालाही त्यांनी ती तशीच सांगितली, असं तुमच्या आईकडून कळलं. तो विनोद नाही. मी माझ्या वह्या शेजारी ठेवून लिहिते आहे, तेव्हा आकड्यांवर विश्वास ठेवा. अडलेले शब्द आईला विचारा.

ते आमचे घरमालक. घरमालकाला इथे जपानीत ओया-सान म्हणतात आणि मी त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कधी हाक मारली नाही. ते मला सेन्सेई म्हणत, म्हणजे बाई, शिकवणाऱ्या बाई. ते माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे होते, तरी हे संबोधन त्यांनी एकदाही सोडलं नाही.

आयुष्यभर त्यांनी जमीन मोजण्याचं काम केलं होतं. रस्ता कुठून जाणार, डोंगर किती खोदायचा, हे ठरायच्या आधी जी माणसं दुर्बीण आणि काठी घेऊन रानात फिरतात, त्यांतले एक. निवृत्त झाले तरी मोजणं सुटलं नव्हतं. निशी-कसाईच्या स्टेशनपासून आमच्या दारापर्यंत त्यांची सहाशे बारा पावलं होत. एकदा ती सहाशे सोळा झाली तेव्हा ते परत स्टेशनपर्यंत गेले आणि पुन्हा मोजत आले. लिफ्टमधल्या आरशाकडे पाठ करून उभे राहत. कचरा चुकीच्या पिशवीत टाकला की ती पिशवी सकाळी आमच्या दाराशी परत येई, सोबत चिठ्ठी: लोणच्याच्या बरणीचं झाकण, धातू, व्यास त्रेसष्ट मिलिमीटर. आजोबा चिडत. म्हणत, या मोजणीदाराला सांग, माझ्या झाकणांचा सातबारा काढू नकोस. मी सांगितलं नाही. मला तो माणूस पहिल्यापासून पटत होता, कारण माझ्या घरातल्या डब्यांनाही लेबलं होती.

मी तेव्हा घरीच इंग्रजी शिकवायची. एक दिवस त्यांनी विचारलं, मला शिकवाल का? दर गुरुवारी दुपारी तीन वाजता. तीनला पाच मिनिटं असताना ते दाराबाहेर येऊन उभे राहत आणि बरोबर तीनला घंटा वाजवत. मला आतून त्यांची चाहूल लागे. मीही दाराच्या आत उभी राहून तीन वाजायची वाट बघे. हे दोघांनाही माहीत होतं.

त्यांना पाठ्यपुस्तक नको होतं. ते दर गुरुवारी एक कृष्णधवल फोटो आणत आणि त्यात काय आहे ते इंग्रजीत सांगत. मी वाक्यं सुधारायची आणि त्यांच्या आग्रहावरून सुधारलेलं वर्णन, तारखेसह, वहीत लिहायची. सगळे फोटो ग्रीसमधले होते. समुद्राचे, निळ्या घुमटांचे नव्हेत. आतल्या डोंगरांतली खेडी, दगडी कुंपणं, वाऱ्याने एका अंगाला झुकलेली झाडं, आणि जुने मठ. काही मठांत एखाददुसरा म्हातारा साधू राहत असे, काहींत फक्त शेळ्या. तरुणपणी त्यांच्या बायकोने कुठल्याशा कॅलेंडरवर असा एक मठ पाहिला होता. तेवढ्यावरून ती दोघं पंचवीस वर्षं, दर वसंतात, रजा जमवून तिकडे जात राहिली. बायकोला मठ बघायचे असत, त्यांना ते मोजायचे असत.

एका फोटोत मठाच्या भिंतीवर रांगेने संत रंगवलेले होते आणि एकालाही डोळे नव्हते. तिथे फक्त पांढरा चुना दिसत होता. मी विचारलं, कोणी केलं हे? ते म्हणाले, भाविकांनीच. घरात कुणाचे डोळे बिघडले की संतांच्या डोळ्यांचा रंग खरवडून पाण्यात कालवून देत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, भक्ती नसती तर त्यांचे डोळे शाबूत राहिले असते.

दुसऱ्याच आठवड्यात शब्दांवरून आमची अर्धी शिकवणी गेली. फोटो 'टेक' करणं त्यांना पसंत नव्हतं. घेतला म्हणजे कोणाकडून घेतला? जपानी शब्दही तसलाच, म्हणाले. तुमच्या भाषेत काय करतात? मी म्हटलं, आम्ही काढतो. आणखी काय काय काढता? मी सांगत गेले: विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, किडलेला दात काढतो. त्यांनी प्रत्येक उदाहरण लिहून घेतलं. मग म्हणाले, ग्रीक खेडूतही नेमकं हेच म्हणतात, फोटो बाहेर काढतो. ते इतके गंभीर झाले की मी चहा करायला उठले.

त्यांनी आणलेल्या एकोणीसही फोटोंत एक बाई होती. तीच त्यांची बायको. मोजणीवाले दगडाचा किंवा भिंतीचा फोटो काढताना आकार कळावा म्हणून शेजारी काठी ठेवतात. यांनी काठीच्या जागी बायकोला उभं केलं. दहा मीटरची एक दोरी होती. एक टोक कॅमेऱ्याच्या तिवईला बांधलेलं, दुसरं बायकोच्या हातात. दोरी ताणली गेली की ती थांबायची, ते फोटो काढायचे. लेन्स तीच, अंतर तेच, छपाईचा आकारही तोच. पंचवीस वर्षांत त्यांनी तिचा जवळून फोटो कधी काढला नाही. ती शिकवण्या सुरू होण्याच्या सहा वर्षं आधी आजारपणात गेली. अंत्यविधीला चौकटीतला फोटो लागतो, म्हणून स्टुडिओने यांतलाच एक फोटो मोठा करून दिला. त्यांच्या घरी देव्हाऱ्यात मी तो पाहिला आहे. काळ्या चौकटीत करड्या ठिपक्यांचा एक पुंजका. हॅट कुठे संपते आणि चेहरा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. त्याच्यासमोर रोज ताजा भात ठेवलेला असे.

वर्णनात ती बाई किती मिलिमीटरची आहे हेही लिहायचं, असा त्यांचा नियम होता. मला वाटे आकडे इंग्रजीत म्हणायचा सराव आहे. मी फूटपट्टी ठेवायची आणि लिहायची: बाई, चोवीस मिलिमीटर. भिंत, एकशे दहा. दार, अडतीस. एकोणीस गुरुवार झाले. बाई प्रत्येक फोटोत चोवीस होती. दोरीचं टोक तिच्या मुठीच्या किंचित वर असल्यासारखं दिसे. मी समजले, वारा असेल.

विसाव्या गुरुवारी त्यांनी पहिलाच फोटो पुन्हा आणला. उजळणी असेल म्हणून मी पट्टी ठेवली. बाई एकवीस मिलिमीटर. मी मागचं पान काढलं. चोवीस. मुलांनो, तुमची आजी चुका करते, पण अशा नाही. मी भिंत मोजली. एकशे दहा. दार, अडतीस. मग जमिनीवर पडलेली तिची सावली मोजली, तिचाही आकडा वहीत होता, आणि ती जशीच्या तशी होती. फक्त बाई कमी झाली होती. सावली आता तिच्या पायापासून सुरू होत नव्हती, दोघींच्या मध्ये जमिनीची एक पांढरी फट होती. दोरीचं टोक तिच्या डोक्याच्या पातळीवर हवेत थांबलं होतं.

मी ओया-सानांकडे पाहिलं. ते माझ्या पट्टीकडे बघत होते.

"तुम्हालाही एकवीसच आली ना?" त्यांनी विचारलं. इंग्रजीत नाही, जपानीत.

मी हो म्हटलं.

"मूळची ती सगळ्या फोटोंत तीस होती, सेन्सेई. मला इंग्रजी नको होतं. मोजणीत एकट्या माणसाचा आकडा धरत नाहीत. दुसरा लागतो."

मग त्यांनी सांगितलं. बायको गेल्यापासून रोज सकाळी सहा वाजता ते एकोणीस फोटो जेवणाच्या टेबलावर मांडत आणि नाश्ता होईपर्यंत बघत बसत. दुसरीकडे कुठे ती दिसतच नव्हती. देव्हाऱ्यातल्या फोटोत तर नाहीच. पहिल्या वर्षी त्यांना काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी शंका आली, तिसऱ्या वर्षी मोजलं. डॉक्टरांना डोळे दाखवले, डोळे ठीक होते. निगेटिव्ह तपासल्या, त्यांतही तितकीच. कोणाला सांगितलं नाही, कारण बायको गेलेल्या एकट्या म्हाताऱ्याने असं काही सांगितलं की लोक स्मृतिभ्रंशाच्या तपासणीचा कागद पुढे करतात हे त्यांना ठाऊक होतं. सरळ हिशेब मांडल्यासारखं ते म्हणाले की गती वाढली आहे, आणि या गतीने अडीच वर्षांत ती उरणार नाही.

मी त्या संध्याकाळी आजोबांना सांगितलं. बँकेतला माणूस, ते म्हणाले, कागद आक्रसला असेल, हवा दमट आहे. मी म्हटलं, मग भिंत का नाही आक्रसली? ते म्हणाले, भिंत दगडाची आहे. आणि हसले. हाच तो विनोद.

दुसरी फेरी पूर्ण झाली. सगळीकडे एकवीस. तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला अठरा आली. मी आता गुरुवारी दुपारी जेवत नसे. ओया-सान मात्र शांतपणे फोटो ठेवत, मी आकडा सांगितला की मान हलवत. एकदा मी म्हटलं, नवीन प्रिंट काढून बघू या का? ते म्हणाले, अजून काढायचं, सेन्सेई?

आता सई, तू यात येतेस. तू तेव्हा साडेतीन वर्षांची होतीस आणि तुम्ही सगळे चौथ्या मजल्यावर राहत होता. एका गुरुवारी तू दुपारपासून रडत होतीस. ताप नाही, पोट ठीक, नुसती किरकिर. आदल्या दिवशी तुला नवा किमोनो घातला होता आणि नदीकाठी सगळ्यांनी तुझं कौतुक केलं होतं. तुझी आई वैतागून तुला माझ्याकडे घेऊन आली. तीन वाजायला आले होते, तरी मी मुठीत मीठ, मोहऱ्या आणि दोन लाल मिरच्या घेतल्या, तुझ्यावरून उतरवल्या, आणि आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, ज्याची कुणाची लागली असेल ती निघून जाऊ दे, असं पुटपुटत तव्यावर टाकल्या. असा ठसका उठला की तुझी आई खोकत खिडकीकडे धावली आणि छतावरची धुराची घंटा वाजायला लागली. त्या घंटेतच दाराची घंटा वाजली. बरोबर तीन.

ओया-सान आत आले, खुर्चीवर चढले, धुराची घंटा बंद केली. मग विचारलं, हे काय होतं?

तुमची आई मराठीत म्हणाली, "आई, काही सांगत बसू नकोस. मसाला करपला म्हण."

पण शिकवणाऱ्या बाईला खोटं उत्तर देता येत नाही. मी म्हटलं, दृष्ट काढली. दृष्ट म्हणजे नजर. कोणी बघितलं की मुलाला बाधते, ती आम्ही काढून टाकतो. काढतो हा शब्द लगेच त्यांच्या कानात भरला. त्यांनी विचारलं, कोणाची नजर, शत्रूची?

मी हसले. तुला मांडीवर घेऊन थोपटत होते, माझं अर्धं लक्ष तुझ्याकडे होतं. आपल्या घरांत बायका जे सहज म्हणतात ते मी म्हणून गेले. "छे, परक्याची कुठली लागते. सगळ्यात आधी आईचीच लागते, नाहीतर आजीची. जो जीव लावून टक लावून बघतो ना, त्याचीच."

त्यांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, आणि काढल्यानंतरही तो माणूस बघतच राहिला तर?

"मग पुन्हा लागते."

ते उभेच होते. हातातला फोटो त्यांनी माझ्यापुढे धरला नाही, उलटा करून छातीशी धरला. वाकून नमस्कार केला आणि शिकवणी न घेता गेले. तुमची आई म्हणाली, बघ, घाबरवलंस म्हाताऱ्याला.

पुढच्या गुरुवारी ते एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आले. एकोणीस फोटो आणि त्यांच्या निगेटिव्ह आत होत्या. सगळ्या कडा मोजणीवाल्यांच्या पिवळ्या पट्टीने बंद केलेल्या होत्या. ते म्हणाले, हा तुम्ही ठेवा. माझ्याकडे राहिला तर मी उघडेन. मी खूप समजावलं. म्हटलं, ती जुनी समजूत आहे, मी स्वतः मानत नाही. ते म्हणाले, पण तुम्ही करता. मग संकोचत त्यांनी विचारलं की जे सईसाठी केलं ते या खोक्यासाठी कराल का, एकदाच.

मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले आहे. मी मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेतल्या आणि त्या खोक्यावरून उतरवल्या. आपल्याकडे म्हणतात की दृष्ट जबर असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही. मिरच्यांचं पाकीट मागच्याच आठवड्यात फोडलेलं होतं, सईसाठी वापरलेलंच. मिरच्या तव्यावर काळ्या झाल्या, राख झाल्या. घरात कसलाच वास आला नाही. आम्ही दोघं ओट्यापाशी उभे होतो आणि कोणीच खोकलं नाही.

त्यानंतर चार वर्षं ते जगले. गुरुवार चालू राहिले. आता आम्ही खरोखर इंग्रजी शिकत होतो. ते बारीक होत गेले. सकाळी सहाला त्यांच्या खिडकीत दिवा लागे, त्याचा उजेड मला वरून दिसे. रिकाम्या टेबलाशी ते नाश्ता करत. मी कितीदा तरी स्वतःला विचारलं आहे की मी त्या माणसाचं काय केलं. माझ्या तोंडून सहज निघालेल्या एका वाक्यापायी त्याने आपल्या बायकोकडे बघणं सोडलं. वाक्य खरं असेल तर मी तिला वाचवलं. खोटं असेल तर जे थोडं तिचं उरलं होतं तेही मी त्याच्यापासून तोडलं. खरं-खोटं बघायला खोका उघडून पट्टी ठेवावी लागेल, म्हणजे बघावं लागेल. आजोबा म्हणतात, उघड आणि मोकळी हो. मी दोनदा खोका टेबलावर आणला आणि दोनदा परत ठेवला.

शेवटच्या हिवाळ्यात ते शेजारच्या कोतो भागातल्या एका दवाखान्यात होते. मी गुरुवारी तीनला जात असे. एकदा ते छताकडे बघत पडले होते. मग म्हणाले, किती आहे आता?

मला वाटलं तीस सांगावं. एका आकड्याने त्या माणसाची झोप सुखाची झाली असती. पण त्यांच्यासाठी लिहिलेल्या माझ्या वहीत एकही खोटा आकडा नव्हता.

"मोजलं नाही, ओया-सान. उघडलाच नाही."

त्यांनी डोळे मिटले. मी घाबरले. पण चेहरा सैल झाला होता. ते म्हणाले, आभारी आहे. आणि डोळे न उघडताच, लहान मुलाने विचारावं तसं:

"सेन्सेई, असं मिटून बघितलं तर? तशी लागते का?"

"नाही," मी म्हटलं. "तशी नाही लागत. हवं तितकं बघा."

उदाहरणांच्या त्या यादीत मी त्यांना सगळं सांगितलं नव्हतं. आपण मराठीत आठवणही काढतो, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही आणि त्या दिवशीही नाही.

ते त्यानंतर नऊ दिवसांनी गेले. घर पुतण्याकडे आलं. त्याने कॅमेरा, तिवई आणि बाकीचे फोटो कुठे दिले ते मला माहीत नाही. दोरी मी मागून घेतली आणि आजोबांना टोक धरायला लावून मोजली. ती दहा मीटरच होती, आक्रसली नव्हती. आजोबांनी दुसऱ्यांदा मोजली आणि त्या दिवशी ते हसले नाहीत.

माझ्याकडे तीन वह्या आहेत, दोरी आहे आणि तो खोका आहे. पिवळी पट्टी कुठेही सुटलेली नाही. आत एकोणीस फोटो आहेत. वहीतली शेवटची नोंद अठरा मिलिमीटरची आहे, आणि तेव्हापासून तिच्याकडे कोणी बघितलेलं नाही.

तुमची,
आजी